रेघ कोणती ओढायची? क्लास डायग्राममधली नाती

क्लास डायग्राम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंचे प्रकार (क्लास) आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती, काढायला बसलं की चौकोन पटापट पडतात. हात अडतो तो दोन चौकोनांमधल्या रेघेपाशी. साधी रेघ, पोकळ हिरा, भरीव हिरा, तुटक बाण की त्रिकोण? बहुतेक जण मनातल्या मनात 'बोटीला इंजिन आहे' असं म्हणतात आणि भरीव हिरा ठोकून मोकळे होतात. ही सवय मोडा, असं मला आज आग्रहाने सांगायचं आहे. एक वस्तू पुसली तर दुसरीचं काय व्हायला हवं, हे आधी विचारा. रेघ त्या उत्तरावरून ठरते.

गोव्यातली रायबंदर–चोडण फेरीबोट तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. समजा तिच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं आहे. क्लास धरू: मार्ग, बोट, खेप, तिकीट, खलाशी, वेळापत्रक.

खेप आणि तिकीट घ्या. खेपेशिवाय तिकीट कसलं, म्हणून कॉम्पोझिशन (भाग मालकाच्याच ताब्यात, असं नातं) काढलं जातं, खेपेच्या टोकाला भरीव हिरा. यूएमएलमध्ये, म्हणजे अशा आकृत्यांच्या प्रमाणित चिन्हभाषेत, या हिऱ्याचा अर्थ बऱ्यापैकी पक्का आहे: भाग एका वेळी एकाच मालकाकडे असतो आणि मालक नष्ट झाला की त्याच्याकडे असलेले भागही त्याच्याबरोबर जातात. आता नदीला पाणी चढलं, खेप रद्द झाली आणि कुणीतरी तिची नोंद डिलीट केली. डेटाबेस बनवणाऱ्याने तुमची आकृती पाहून फॉरेन कीवर (तिकिटाच्या नोंदीतला, खेपेकडे बोट दाखवणारा रकाना) 'ऑन डिलीट कॅस्केड' (मूळ नोंद पुसली की जोडलेल्याही पुसा) लावलेलं आहे. खेपेबरोबर चारचाकीवाल्यांची तिकिटंही गेली. पैसे गल्ल्यात आहेत, पण कुणाला परत द्यायचे ते कळायला मार्ग नाही, आणि संध्याकाळी हिशेब जुळत नाही. कोड लिहिणाऱ्याने काहीच चुकवलेलं नाही. चूक आकृतीत होती.

इथे साधं असोसिएशनच (दोन क्लास जोडणारी नुसती रेघ) हवं. खेपेच्या टोकाला 1, तिकिटाच्या टोकाला 0..*, म्हणजे एका तिकिटाला एकच खेप, एका खेपेला शून्यापासून कितीही तिकिटं. आणि खेप पुसायचीच नाही, तिची स्थिती 'रद्द' करायची. टोकांवरचे हे आकडे लोक घाईत सोडून देतात. मला ते हिऱ्यापेक्षा मोलाचे वाटतात, कारण रकाना रिकामा चालेल का, यादी ठेवायची की एकच संदर्भ, हे सगळं त्यांच्यावरून कळतं.

मग कॉम्पोझिशन शोभतं कुठे? वेळापत्रक आणि त्यातल्या ओळींमध्ये. 'सकाळी 7, रायबंदरहून' ही ओळ एकाच वेळापत्रकाची असते, आणि ते काढून टाकलं की ओळ ठेवण्यात अर्थ नसतो. भरीव हिरा, बिनदिक्कत.

इंजिनाचं उत्तर मात्र कामावर अवलंबून आहे. तिकिटांच्या प्रणालीत इंजिनाचा क्लासच नको. दुरुस्तीच्या प्रणालीत इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. ते उतरवून वर्कशॉपमध्ये जातं, कधी दुसऱ्या बोटीत बसतं. भाग आधीच सुटा केला तर मालकाबरोबर तो जात नाही, एवढी मुभा यूएमएल देतं. पण बोट भंगारात काढताना इंजिन आत असेल, तर कॉम्पोझिशनमुळे त्याचा सगळा इतिहासही जाईल. म्हणून साधी रेघ, बोटीच्या टोकाला 0..1.

पोकळ हिऱ्यावर (अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे सैल 'भाग-मालक' नातं) वेळ घालवू नका. त्याचा नेमका अर्थ क्षेत्रानुसार आणि आकृती काढणाऱ्यानुसार बदलतो, असं यूएमएल 2.5 चं अधिकृत स्पेसिफिकेशनच मान्य करतं. वाचणाऱ्याला ज्यातून नवं काही कळत नाही ते चिन्ह कशाला?

खलाशी आणि बोट यांच्यात दोन्ही टोकांना * येतं. एक खलाशी आज या बोटीवर, पुढच्या महिन्यात त्या बोटीवर. कधीपासून, कधीपर्यंत, कोणत्या कामावर, ही माहिती ना खलाशाची, ना बोटीची. ती नात्याची आहे, म्हणून 'नेमणूक' हा असोसिएशन क्लास, म्हणजे त्या रेघेलाच जोडलेला क्लास, काढा.

यामुळे इनहेरिटन्समधला (एक क्लास दुसऱ्याचा प्रकार असणं) एक मोठा सापळाही टळतो. 'कर्मचारी' वर ठेवून खाली 'खलाशी' आणि 'इंजिन ड्रायव्हर' असे त्रिकोणाने जोडलेले क्लास काढले जातात. खलाशाला बढती मिळाली की काय कराल? जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत तयार झालेल्या ऑब्जेक्टचा (क्लासवरून बनलेल्या वस्तूचा) क्लास बदलता येत नाही. नवा ऑब्जेक्ट करायचा, जुन्याच्या हजेरीचे आणि रजेचे संदर्भ एकेक करून हलवायचे, त्यात एखादा राहून जातोच. बदलणारी भूमिका नेमणुकीत ठेवा. त्रिकोण अशा प्रकारासाठी राखा जो जन्मभर बदलत नाही आणि जो मूळ क्लासच्या जागी कुठेही बसवला तरी काम बिघडत नाही. रो-रो (वाहनं थेट चढता-उतरता येणारी) फेरीबोट ही बोटच. तिथे तो चालेल. इंटरफेस (क्लासने कोणती कामं करावीत याची नुसती यादी) असेल तर तोच पोकळ त्रिकोण, फक्त रेघ तुटक.

राहिली डिपेन्डन्सी, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा तात्पुरता उपयोग करणं. खेपेच्या 'भाडे काढा' या मेथडला (क्लासच्या एका कामाला) दरपत्रक फक्त पॅरामीटर म्हणून, त्या कामापुरतं बाहेरून, मिळत असेल, तर खेपेकडून दरपत्रकाकडे तुटक बाण. तेच दरपत्रक खेपेच्या फील्डमध्ये (स्वतःच्या रकान्यात) साठवलं, तर असोसिएशन. दरपत्रक बदललं तर कुठे कुठे तपासावं लागेल हे दाखवायचं असेल तेव्हाच हा बाण काढा. प्रत्येक पॅरामीटरसाठी काढत बसलात तर खेप आणि तिकिटामधली ती महत्त्वाची रेघ त्या गर्दीत सापडणार नाही.