यरीहोचा घाट

जय ख्रिस्त. पाळकसाहेबांनी माझी ओळख 'पवित्र भूमीचे अभ्यासक' अशी करून दिली. खरं सांगायचं तर मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि तिकडे एकदाच, 8 दिवस, जाऊन आलो. पण त्या 8 दिवसांत मी बसमध्ये एकदाही झोपलो नाही. माझा अधिकार काय तो एवढाच.

आजचा विषय 'खाली' हा एक शब्द. पत्रिकेत छापलाय, म्हणजे त्यावर बोलणारच. पण आधी बसचं सांगतो.

बसला जाड निळे पडदे होते. यरुशलेमहून यरीहोकडे निघालो, यहूदीयाच्या रानातून. दोन्ही बाजूंना बोडक्या टेकड्या, वाळक्या भाकरीच्या रंगाच्या. आणि पुढच्या सीटवरच्या मावशींनी पडदा ओढला. ऊन लागतंय म्हणे! मी म्हटलं, "मावशी, पैसे या उन्हाचेच भरलेत." त्यांनी रुमाल तोंडावर घेतला. मागे अंताक्षरी रंगली होती, 'म'वर अडली होती. इकडे माझ्या कानांना दडे बसले. भूगोलाच्या मास्तराला आणखी काय हवं! यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, यरीहो अडीचशे मीटर खाली. हजार मीटरचा उतार, तोही जेमतेम 25-30 किलोमीटरमध्ये. खंडाळ्याहून खोपोलीला उतरता ना, त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि शेवटी समुद्र लागायचा, तर आपणच समुद्राच्या खाली.

वाटेत 'समुद्रसपाटी' असा फलक आहे. बस थांबली. मला केवढा आनंद झाला! पण ती थांबली होती उंटासाठी. फलकाजवळ झूल घातलेला एक उंट उभा असतो. आमच्या 43 जणांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. फलक वाचला दोघांनी. एक मी, दुसरा बहुधा उंट.

हसताय, म्हणजे तुमच्यातले काही जाऊन आलेले दिसतात.

जुनी यरीहोची वाट वादी केल्टच्या घळीच्या कडेने उतरते. पलीकडच्या कड्याला संत जॉर्जचा मठ चिकटलेला आहे. मी संयोजकांना निघण्याआधीच विचारलं होतं, अर्धा तास तरी चालवा. उत्तर आलं, "अंकल, कार्यक्रमात नाही." बरं. मग बेथलेहेमला जैतुनाच्या लाकडाच्या दुकानात 1 तास 10 मिनिटं होती, ती मात्र कार्यक्रमात. मी घड्याळ लावलं होतं. तिथे घेतलेला उंट अजून माझ्या टीव्हीवर आहे, म्हणजे मीही काही सोवळा नाही.

मग यार्देन नदी. कस्र अल-यहूद म्हणून बाप्तिस्म्याची जागा आहे, लाकडी पायऱ्या उतरून पाण्यात जायचं. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. चार ढांगांवर पलीकडचा काठ, तो जॉर्डन देशाचा, तिथेही असेच लोक पांढरे झगे घालून उभे. माझ्याशेजारचे संगमनेरकडचे गृहस्थ म्हणाले, "एवढीच? आमची प्रवरा बरी की हो!" त्यांना ठाऊक नव्हतं, पण जुन्या करारातला अरामी सेनापती नामान, यार्देनेत स्नान कर म्हटल्यावर अगदी हेच म्हणाला होता. दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, अबाना आणि परपर या नद्या बऱ्या नाहीत काय, म्हणून रागावून निघाला होता बिचारा. नदीचा काय दोष? 1964 पासून कित्येक दशकं इस्राएलने गालीलच्या सरोवरातून पाणी उचलून दूर दक्षिणेपर्यंत नेलं, यार्मूक या उपनदीचं पाणीही वरच वळवलं जातं. खाली उरतं ते हे. आणि तिचं नाव पाहा. 'यार्देन' हे नाव पंडित बहुधा 'उतरणे' या इब्री धातूशी जोडतात. उतरणारी ती यार्देन. हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी निघते आणि मृत समुद्रापर्यंत खालीच जाते.

याच्या उलट चढण. हॉटेलच्या लॉबीत आमचं मराठी ऐकून एक आजी थांबल्या. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या. "आलिया करून पन्नास वर्षं झाली बघा," म्हणाल्या. आलिया म्हणजे यहुद्यांनी इस्राएलला येऊन स्थायिक होणं, आणि तो शब्दही चढण्याचाच. चहा पाजला त्यांनी, आलं घालून. त्यांच्यावर तासभर बोलता येईल...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. महिला मंडळाचा चहा उकळतोय म्हणे. बरं, आता पळतो.

शास्त्रात यरुशलेमला कोणी नुसतं जात नाही, वर जातो. स्तोत्रं 120 ते 134, ही 15 आरोहणस्तोत्रं. दिवेघाटात अभंग म्हणत चढणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. येशूही शेवटच्या खेपेला यरीहोहून हाच घाट चढून गेला, आंधळ्या बार्तीमयाला दृष्टी देऊन, त्याला पाहायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाला उंबरावरून खाली बोलावून. उंबरच बरं का. तिथला तो वृक्ष आपल्या उंबराचा चुलतभाऊ, भाषांतरकारांनी अचूक शब्द टाकलाय.

आता चांगला शोमरोनी, लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली गोष्ट: वाटेत पडलेल्या जखमीला दोघे टाळून जातात, तिसरा, परका शोमरोनी, उचलतो. लुटारूंच्या हाती सापडलेला माणूस यरुशलेमहून खाली यरीहोला चालला होता. याजक, म्हणजे मंदिराचा पुरोहित, आला, बाजूने निघून गेला. आपण लहानपणापासून ऐकतो, त्याला मंदिरात सेवा होती, प्रेताला शिवून विटाळ झाला असता, म्हणून. आपण त्याची वकिली करतो. पण लूक काय लिहितो? याजक त्याच वाटेने खाली जात होता. खाली! म्हणजे यरुशलेमकडे पाठ. सेवा आटोपलेली होती, स्वारी घरी निघालेली. सेवेची सबब चढणाऱ्याला, उतरणाऱ्याला कसली? हा शब्द मी चाळीस वर्षं वाचत होतो. दिसला तो कानांना दडे बसले तेव्हा.

आता कोणीतरी विचारणारच, मागून आलेल्या लेव्याचं, म्हणजे मंदिरातल्या सेवकाचं, काय? त्याच्याबद्दल लूक फक्त 'त्या ठिकाणी आला' एवढंच म्हणतो. चढत होता की उतरत, सांगत नाही. माझं एक मत आहे, पण पाळकसाहेब उभे राहिलेत. चहाला भेटा, सांगतो.