मरीनाच्या पाण्याखाली काय आहे ते विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या मरीनाच्या, म्हणजे खाजगी होड्या बांधून ठेवायच्या छोट्या बंदराच्या, पुनर्विकासासाठी लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, तेव्हा सभागृहात रंगीत चित्रं लावलेली असतात. पांढरी शिडं, सावलीतली बाकं, काचेची उपाहारगृहं. माणसं चित्रं बघतात, आवडलं-नावडलं सांगतात आणि घरी जातात. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, पाण्याखालचं विचारा. पुढच्या कित्येक वर्षांचा खर्च तिथेच दडलेला असतो.

खाऱ्या पाण्यातलं मीठ काँक्रिटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रिट तडकून सुटू लागतं. पोलादी खांबांवर लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात गंज झपाट्याने चढतो; कधीकधी ओहोटीच्या रेषेच्या जरा खालीही. धक्क्यावरून फिरणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून पाण्यात बुडी मारणाऱ्या तज्ज्ञांकडून पाहणी कधी झाली आणि तिचा अहवाल कुठे वाचायला मिळेल, हे पहिल्याच सभेत विचारावं.

मग गाळ. मरीना बांधायची ती संथ पाण्यासाठी, आणि संथ पाण्यात गाळ बसणारच. तो उपसायचा तर टाकायचा कुठे? होड्यांच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं विषारी संयुग असलेले रंग सर्रास लावत; ते पाण्यात आणि गाळात उतरे. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांचे शिंपले जाड, वेडेवाकडे होऊ लागले, नवी पैदास ढासळली. तेव्हा 1982 मध्ये तिथे 25 मीटरपेक्षा लहान होड्यांना हा रंग लावण्यावर बंदी आली. असे रंग रोखणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. रंग थांबले, पण प्राणवायू नसलेल्या गाळात ते संयुग वर्षानुवर्षं टिकतं. असा गाळ ढवळणं धोक्याचं आणि त्याची विल्हेवाट महागाची. त्याची तपासणी न करताच कुणी आराखड्याचा खर्च सांगत असेल, तर तो आकडा मी खरा धरणार नाही.

समुद्राची पातळीही वर येते आहे. 1901 ते 2018 या काळात ती जगभरात सरासरी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. तरंगते धक्के पाण्याबरोबर वर येतील, पण ज्या खांबांना ते धरून असतात त्यांची उंची पुरेल का? भिंती आणि वाहनतळ तर जागचे हलत नाहीत.

सभेत होडीमालकांचा आवाज मोठा असतो; त्यांची संघटना असते, जागेचं भाडंही ते भरतात. त्यांचं ऐकायलाच हवं. पण इंजिन दुरुस्त करणारे, शिडं शिवणारे, संध्याकाळी नुसतं पाणी बघायला येणारे, चाकाच्या खुर्चीतून धक्क्यापर्यंत पोचू पाहणारे, त्यांचं कोण विचारतं? दुरुस्तीच्या आवाराला लागून घरं उभी राहिली की आवाजाच्या तक्रारी सुरू होतात आणि शेवटी आवारच उठतं. होड्या बाहेर काढायला जागा नसलेली मरीना मला तरी मरीना वाटत नाही.

आणि हे सगळं विचारायचं कधी? पर्यावरणाविषयीच्या निर्णयांत लोकांना सहभागाचा हक्क देणाऱ्या 1998 च्या आऱ्हुस या आंतरराष्ट्रीय करारात म्हटलं आहे की लोकांचा सहभाग लवकर, सगळे पर्याय खुले असताना घ्यावा. तो करार प्रत्येक देशाला बंधनकारक नाही, पण कसोटी म्हणून तो कुठेही वापरता येतो. अधिकाऱ्यांना सरळ विचारा: यातलं काय अजून ठरलेलं नाही? जमिनीचा भाडेपट्टा किती वर्षांचा, कुणाच्या नावे? कामाचे टप्पे कसे? पहिल्या टप्प्यात विकायची घरं आणि शेवटच्या टप्प्यात लोकांसाठीचा रस्ता असेल, तर पैसे संपल्यावर काय राहून जाईल ते उघड आहे.

तुमचं म्हणणं लेखी द्या, पोच घ्या. तुमच्या सूचनेमुळे आराखड्यात काय बदललं, आणि बदललं नसेल तर का, याचं उत्तरही लेखीच मागा.

नमस्कार.