अर्थिंगला पाणी घातलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी उठल्याबरोबर आमचे वडील चहा मागत नसत. पांघरुणातूनच विचारत, "अर्थिंगला पाणी घातलं का?"

ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेला नाही, त्यांना आधी हे अर्थिंग काय ते सांगायला हवं. आमचं घर परभणी जिल्ह्यातल्या सेलूचं. माळवदावर दोन बांबू आणि त्यांच्यामधे ताणलेली तांब्याची तार, हा झाला एरियल. रेडिओच्या मागून दुसरी एक तार निघायची ती खाली अंगणात, दोन हात खोल खड्ड्यात. खड्ड्यात कोळसा आणि खडं मीठ, त्यात तांब्याच्या पत्र्याचा तुकडा, आणि त्या पत्र्याला ही तार जोडलेली. माती ओली असली की आवाज स्वच्छ. माती सुकली की नुसती खरखर. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे घरचा रेडिओ खरखरणं म्हणजे त्यांच्या अब्रूचा प्रश्न.

एवढं सगळं कशासाठी? तर सकाळी साडेसातला कोलंबो लागावं म्हणून. तिथल्या रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्रावर, 'पुरानी फिल्मों का संगीत' लागायचं, आणि त्यातलं शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं. रोज, न चुकता सैगल. आमच्या गल्लीत घड्याळं मोजकी होती, पण सैगल सुरू झाला की आता आठ वाजतात हे सगळ्यांना कळायचं. वेणी अर्धी राहिलेल्या मुली रिबिनी शोधत पळायच्या. सैगल गेला १९४७च्या जानेवारीत. म्हणजे आमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा गेलेला माणूस आम्हाला रोज शाळेत पाठवत होता.

सेलू ते कोलंबो सरळ रेषेत चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर. तिथून यायचा तो आवाज शॉर्टवेव्हवर, लाटेसारखा वरखाली होत. कडवं अर्ध्यावर बुडायचं आणि धृपदाला पुन्हा वर यायचं. काही गाण्यांचे मधले शब्द मला चाळिशीनंतर कॅसेटवर पहिल्यांदा नीट ऐकू आले, आणि खरं सांगतो, बुडणाऱ्या कडव्यासकटचं गाणंच मला जास्त पाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याच देशातली गाणी ऐकायला समुद्रापलीकडचं केंद्र का लावायचं? याला कारण झाला एक मराठी माणूस. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने लोकांचे कान बिघडतात असं त्यांचं मत. गाणं लावताना गायकाचं नाव सांगायचं, सिनेमाचं नाही, कारण ती जाहिरात होते, असा आकाशवाणीने धरला हट्ट. निर्मात्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली.

आणि कोलंबोला तर महायुद्धातलं दणकट यंत्र तयार होतं. माउंटबॅटनच्या सैन्यासाठी तिथे 'रेडिओ सीॲक' उभारलं होतं. युद्ध संपल्यावर त्याच यंत्रातून गाणी निघाली. १९५२च्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथूनच सुरू झाली. दिल्लीने झाकलेली खिडकी अशी कोलंबोने सताड उघडली. पाच वर्षांनी दिल्लीला शहाणपण सुचलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ला 'विविध भारती' आली. केसकरांना नुसती नावं ठेवून मला मोकळं होता येत नाही. शास्त्रीय संगीताची शनिवारची राष्ट्रीय सभा त्यांच्याच काळातली, आणि वडील तीही ऐकायचे. फक्त त्या रात्री दार लावून घ्यायचे, गिऱ्हाईक हसतं म्हणून.

पण मराठवाड्याचा रेडिओ सिलोनने सुरू होत नाही. त्याच्या आधी आपण निझामाचे. हैदराबादेत १९३०च्या दशकात रेडिओ आला, निझाम सरकारने तो ताब्यात घेतला आणि पुढे त्याला डेक्कन रेडिओ म्हणू लागले. उर्दूबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीचाही थोडा वेळ त्यावर असे. औरंगाबादलाही या संस्थानी रेडिओचं केंद्र होतं. १९५०मध्ये दोन्ही आकाशवाणीकडे आली, पण औरंगाबादचं ते केंद्र पुढे टिकलं नाही. वडील सांगायचे, १७ सप्टेंबर १९४८च्या संध्याकाळी एका वाड्याच्या ढाळजेत सेटभोवती माणसं दाटली होती. निझामाने हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली ती त्या दिवशी. वडिलांना शब्द काही आठवत नव्हते. आठवत होतं ते एवढंच, की बातमी संपल्यावर सेट बंद करायचं कुणालाच सुचलं नाही आणि तो कितीतरी वेळ नुसता घरघरत राहिला.

मग थेट १९६८. परभणीला आकाशवाणीचं केंद्र आलं, मीडियमवेव्हवर. त्याचा काट्यावरचा आकडा वडिलांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. गिऱ्हाइकाचा सेट दुरुस्त झाला की काटा आधी तिथे न्यायचा. परभणी लागलं नाही तर पैसे नाहीत.

आणि काय सांगू, परभणी लागलं की कोलंबोपेक्षा कितीतरी जवळचं वाटायचं. फर्माईश मागणाऱ्यांच्या गावांची नावं निवेदिका वाचायची: मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेड. पोस्टकार्डावर गल्लीतल्या अकरा पोरांची नावं दाटीवाटीने लिहून आम्ही धाडायचो. गाणं कुठलं, यापेक्षा आपलं नाव येतं का, याच्याकडे कान. एकदा आलं. नऊ नावं वाचली आणि "आणि इतर". त्या "इतर" मधला एक मी.

जुनं गाणं जुनं कसं होतं, हे मला तिथे कळलं. बाहेर सिनेमे बदलत राहतात, केंद्राच्या कपाटातला तवा, म्हणजे रेकॉर्ड, मात्र तसाच असतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तव्याच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात, म्हणून तेव्हाची गाणीही तेवढीच. चरा पडलेल्या जागी सुई अडखळली की निवेदिका हळूच म्हणायची, "क्षमा असावी." आम्हाला त्या चऱ्याची जागासुद्धा ठाऊक झालेली.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र अर्थिंग वाळलं. विहिरींना तळ दिसत होते, माणसं खडी फोडायला जात होती. वडिलांचा सकाळचा प्रश्न बंद झाला. विचारायचं कुठल्या तोंडाने? पण रेडिओ बंद पडला नाही. आई भांडी विसळलेलं पाणी बाजूला ठेवायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खड्ड्यात ओतायची. शेजारच्या काकूंनी एकदा पाहिलंच. म्हणाल्या, "अगं बाई, माणसाला प्यायला नाही अन् तुमच्यात रेडिओला पाजतेत!" आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी काकूच सैगलला येऊन दारात टेकल्या.

पुढचं सगळं तुमच्या माहितीतलं. ट्रान्झिस्टर आला, त्याचा एरियल पोटातच, त्यामुळे खड्ड्याची गरज संपली. रेडिओच्या लायसन्सचे वर्षाचे पंधरा रुपये पोस्टात भरायचं ऐंशीच्या दशकात थांबलं. नांदेड, बीड, धाराशिवला एफएम आलं. एफएमचा आवाज कसा आरशासारखा, पण डोंगराआड गेलं की संपला. आता मोबाइलवर कुठलंही केंद्र लागतं, आणि माझा नातू विचारतो, आजोबा, मग तुम्ही काटा कशाला फिरवायचे?

मागच्या उन्हाळ्यात अंगणात शोषखड्डा खणायला माणूस लावला. दोन हात खाली पहार खणकन वाजली. मीठ खाऊन हिरवा पडलेला तळहाताएवढा पत्रा निघाला, त्याला तारेचा तुकडा अजून चिकटलेला. भंगारवाल्याने वजन करून तीस रुपये सांगितले. मी दिला नाही. आज इथे स्टुडिओत सोबत आणलाय. तुम्हाला तो दिसणार नाही, म्हणून माइकजवळ धरून बोटाने वाजवतो.

ऐका.