दोन काळ्या, मधे तांबडी

श्रोतेहो, नमस्कार. माळशेज घाटाचे नाव काढले की आपल्याला मुंबईत धबधबे आठवतात. मला मात्र तिथल्या कातळावरची हातभर जाडीची तांबडी रेघ आठवते, आणि ती मला दाखवणाऱ्या, कणसे विकणाऱ्या मावशी.

जिओकॅशिंग हा खेळ काहींना ठाऊक असेल. कोणीतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगायचे आणि इतरांनी जीपीएसच्या आधारे तो शोधून, आतल्या वहीत नाव लिहून, होता तिथेच परत ठेवायचा. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली रानात ठेवली.

माझी भाची भूविज्ञान शिकते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने माळशेजमध्ये असाच एक स्टीलचा डबा ठेवला आणि पुढच्या रविवारी मला आकडे व एका ओळीची चिठ्ठी देऊन तिथे नेले. चिठ्ठीत लिहिले होते, ‘दोन काळ्या, मधे तांबडी.’ कल्याण, मुरबाड, टोकावडे मागे टाकून आम्ही एसटीने घाटात पोहोचलो. घाट पाहावा तो एसटीच्या खिडकीतून, असे माझे ठाम मत आहे. मोटार चालवणाऱ्याचे लक्ष कातळाकडे जाऊच नये. उतारावर सोनकी फुलली होती. उंच कड्याखाली उपग्रहांचे संकेत अडतात आणि दगडावर आपटून उशिरा पोहोचतात, त्यामुळे मोबाइल एकदा या वळणाकडे, एकदा त्या वळणाकडे बोट दाखवत होता. कठड्याचे काळे-पांढरे पट्टे पाहून झाले, तांबडे काही सापडेना, आणि भाची तोंड मिटून उभी.

तेवढ्यात निखारे फुलवता फुलवता कणसेवाल्या मावशींनी विचारले, “दादा, काय पडलं का तुमचं?” मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी कणीस परतले आणि समोरच्या दरडीकडे हात केला. “तांबडी म्हंजे हीच की. पाऊस उघडला तरी हिच्या वरनं पाणी पाझरत राहतं. हिचीच माती आम्ही भिंतीला लावायचो.” दरडीच्या पायथ्याशी, सुटलेल्या दोन दगडांच्या आड डबा होता. आत वही, पेन्सिल आणि घाटात पडलेला सापडलेला फिकट गुलाबी स्फटिक, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा. मावशी म्हणाल्या, “भाताची पेंढी!” भाचीने सांगितले, हा स्टिलबाइट, लाव्हातले वायूचे बुडबुडे विरून राहिलेल्या पोकळ्यांत असे स्फटिक वाढतात. वहीत माझ्या नावाखाली तिने मावशींचे नाव लिहिले.

आता त्या रेघेविषयी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला. दोन उद्रेकांमध्ये मोठा काळ गेला की खालच्या थराचा माथा झिजून माती होई, आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढी. लोहामुळे ती तांबडी दिसते. पाणी त्या मातीतून सहज खाली उतरत नाही, म्हणून तिच्या माथ्यावर पाझरते. पुन्हा सांगतो: काळा थर म्हणजे लाव्हा, तांबडा थर म्हणजे दोन लाव्हांमधली विश्रांती.

डबा ठेवायचा नसेल तर २००४ पासून ‘अर्थकॅश’ही आहे. त्यात डबा नसतो. दिलेल्या जागी जाऊन खडक पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. घाटासाठी मला हाच प्रकार अधिक पसंत आहे, कारण मागे काही उरत नाही. गाडी थांबवायची ती रुंद, मोकळ्या जागीच, आणि पाऊस पूर्ण सरल्यावर. भर पावसात दरडीखाली उभे राहू नये, आणि हातोडी घरीच ठेवावी. घाटात जाण्याआधी अंधेरीचा गिल्बर्ट हिल जरूर पाहा: त्याच लाव्हायुगातले, उभ्या खांबांसारखे दिसणारे बेसाल्ट. नमस्कार.