अर्ज कुणाच्या टेबलावर?

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी माणूस नियम सोडून वागला, की ठाणे जिल्ह्यात सल्ला ठरलेला: ‘कलेक्टरकडे अर्ज टाका.’ अर्ज वाट चुकतो तो इथेच. महापालिकेच्या कर्मचाऱ्यावर कारवाई करतात आयुक्त, महापालिका अधिनियमाच्या कलम ५६ खाली. जिल्हा परिषदेचा असेल, तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जा. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्याचा कारभार आणखी निराळा. तेव्हा आधी बघा, त्याची नेमणूक कुणी केली.

राज्य सरकारच्या नोकराला १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. परवानगी न घेता धंदा करणं किंवा काम अडलेल्याकडून भेटवस्तू घेणं, हे गैरवर्तन. अर्जात नुसतं ‘भ्रष्ट आहे’ लिहू नका. तारीख, वेळ, फाइल क्रमांक, समोर कोण होतं, तेवढं पुरे. खाली नाव, पत्ता, सही. निनावी कागद बहुधा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना फाइलबंद. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ‘बडतर्फ करा’ असं लिहून उपयोग नसतो. शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत कोणतीही असू शकते आणि ती ठरवतो सक्षम अधिकारी. मोठ्या शिक्षेआधी दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी हे सगळं होतं. तक्रारदार साक्षीलाच फिरकत नाही, आणि भक्कम प्रकरणही तिथं ढेपाळतं.

लाच मागितली तर मात्र खात्याच्या दारात थांबू नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. पैसे देण्याआधी, बरं का! विभाग पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो, मग सापळा लावतो. बोलणी चालू असताना तुम्ही स्वतःहून ‘किती देऊ?’ विचारलंत, तर बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. आकडा लाच मागणाऱ्याच्याच तोंडून येऊ द्या. नाइलाजानं पैसे देऊन बसला असाल, तर सात दिवसांच्या आत कळवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, या मुदतीत कळवलं तरच सुटका.

पैसे मागितले नाहीत, फाइल नुसतीच दाबून ठेवलीय? २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्यानं एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाचे दिवस दिलेत. माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या फाइलचा टेबलवार प्रवास मागा. तारखा हाती आल्या, की त्या जोडून वरिष्ठांकडे अर्ज करा.

आणि अर्ज तो कर्मचारी निवृत्त व्हायच्या आत करा. निवृत्तीनंतर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर नवी विभागीय चौकशी सुरू करता येत नाही.