जेथ्रोचं कार्ड

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'फाशांवरचं बेसबॉल' असा छापलाय. तिकडे येतोच. आधी हात वर करा, मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलची, वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन कोणाकोणाला ठाऊक आहे? बरेच आहात. आणि सॅम जेथ्रो? एकच हात. तो माझा पुतण्या, घरात ऐकून ऐकून बेजार झालाय बिचारा.

१६ एप्रिल १९४५, बॉस्टनचं फेनवे पार्क, म्हणजे रेड सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान. रविवारी सामने खेळवायला तिथे दरवर्षी नगर परिषदेची एकमुखी मंजुरी लागायची. इझाडोर मच्निक नावाचे नगरसेवक रेड सॉक्स संघापुढे अडून बसले, की कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घ्या, नाहीतर माझं मत मिळणार नाही. (नगरसेवकाने अडवणूक केली आणि त्यातून काही बरं निघालं! हसा, हसा.) रॉबिन्सन, जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स असे तिघे मैदानात उतरले. चाचणी झाली, बोलावणं मात्र कोणालाच आलं नाही. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला तो थेट १९५९मध्ये.

जेथ्रोने १९४९मध्ये मॉन्ट्रिअल या खालच्या श्रेणीतल्या संघाकडून ८९ बेस चोरले, म्हणजे चेंडू फटकावला जायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. पुढच्या वर्षी त्याला घेतलं बॉस्टनच्याच दुसऱ्या संघाने, ब्रेव्ह्जने. तिशी केव्हाच उलटली होती. १८ होमरन, ३५ चोरलेले बेस, आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित! इतक्या वयाचा 'नवोदित' त्यानंतर झालेला नाही. १९५१मध्ये पुन्हा १८ आणि पुन्हा ३५. तलाठ्याने जुना उतारा तसाच खाली उतरवावा तसं. मग मात्र फलंदाजी ढासळली. १९५४मध्ये पिट्सबर्गकडून दोन सामने, की खेळ खलास.

आता इथल्या निवृत्त मंडळींनी कान द्यावा. मेजर लीगच्या पेन्शनला चार वर्षं खेळलेलं असावं लागे, याची भरली तीन वर्षं आणि काही दिवस. सत्तरी ओलांडल्यावर गडी कोर्टात गेला. म्हणणं एवढंच, की मला उशिरा आत घेतलंत तुम्ही आणि वर्षं कमी पडली म्हणून नाकारताही तुम्हीच. दावा फेटाळला गेला. १९९७मध्ये लीगने आपणहून अशा खेळाडूंना वर्षाला साडेसात ते दहा हजार डॉलर सुरू केले. २००१मध्ये तो गेला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. बुक क्रिकेट आपण सगळेच खेळलोय, पान उघडायचं आणि शेवटचा आकडा बघायचा. हॅल रिचमन यांचा १९६१पासूनचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा फाशांवरचा बेसबॉलचा खेळ त्याच जातीचा, फक्त बुद्धीने केलेला. तीन फासे. एकावर १ ते ३ आलं तर फलंदाजाचं कार्ड, ४ ते ६ आलं तर गोलंदाजाचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डात शोधायची, तिथे लिहिलं असेल ते घडलं. प्रत्येक खेळाडूचं कार्ड त्याच्या एखाद्या मोसमातल्या खऱ्या कामगिरीवरून बनतं. फाशांना वय दिसत नाही, रंगही नाही. माझा मुद्दा असा, की मेजर लीगच्या १९४५च्या संचात जेथ्रोचं कार्डच नाही, मग फासे निःपक्षपाती असून काय उपयोग?

पुतण्या म्हणाला, "काका, आपण बनवू या." लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला त्याने १९५०चंच कार्ड उतरवून काढलं आणि १९४५च्या रेड सॉक्समध्ये घुसवलं. पहिल्या फेकीला जेथ्रो झेलबाद. थांबतो, आयोजक आता उभेच राहिलेत.