वजनाआधी उतरणारी शुगर

नमस्कार श्रोतेहो.

वजन कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया झाली की पुढच्या काही दिवसांत वॉर्डात एक गोष्ट वारंवार बघायला मिळते. पेशंटला मधुमेह असेल तर त्याच्या इन्सुलिनचे युनिट भराभर कमी करावे लागतात, काहींचं तर बंदच करावं लागतं. वजनाचा काटा तेव्हा फारसा हललेलाही नसतो. नातेवाईक चक्रावतात. ‘अजून बारीक कुठे झालाय? मग शुगर कशी उतरली?’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि आजचं बोलणं त्याच्याभोवतीच आहे. मी मधुमेहाची औषधं देणारा फिजिशियन, सर्जन नव्हे. त्यामुळे या शस्त्रक्रियेचा प्रचार करायचा नाही आणि तिची भीतीही घालायची नाही.

हे कुणी ठरवून शोधलेलं नाही. १९५५ साली अमेरिकेत तीन मधुमेही पेशंटची हकिगत छापून आली. अल्सरसाठी त्यांच्या जठराचा मोठा भाग काढला होता आणि त्यानंतर त्यांचा मधुमेह बराच नरमला. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९६० च्या दशकात आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली, तीही वजनासाठीच. मग १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचे सर्जन वॉल्टर पोरीज यांनी आपला १४ वर्षांचा हिशोब मांडला. त्या निबंधाच्या शीर्षकाची सुरुवातच ‘कुणाला वाटलं असतं?’ अशी आहे. बायपास केलेले ६०८ जण. त्यांपैकी १४६ जणांना मधुमेह. आणि त्यांतल्या १२१ जणांची साखर पुढेही नॉर्मल राहिली. मधुमेह वाढतच जाणार, गोळ्या वाढतच जाणार, असं शिकत आलेल्या आम्हा डॉक्टरांना हा आकडा पचवायला बरीच वर्षं लागली.

शस्त्रक्रियांचे प्रकार अनेक आहेत, सगळे सांगत बसत नाही. आपल्याकडे दोन नावं जास्त ऐकू येतात. स्लीव्हमध्ये जठराचा बहुतेक भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न जठराचा बाकी भाग आणि लहान आतड्याची सुरुवात चुकवून पुढे जातं. दोन्ही दुर्बिणीतून होतात.

आता शुगर आधी का उतरते, ते बघू. पहिलं कारण अगदी साधं आहे. शस्त्रक्रियेनंतर पेशंट जवळजवळ काही खातच नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर रॉय टेलर यांनी नेमका इथेच प्रश्न विचारला. शस्त्रक्रिया न करता माणसाला तेवढंच कमी खायला दिलं तर? २०११ साली त्यांनी ११ मधुमेही लोकांना दिवसाला फक्त ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. यकृतातली चरबी त्या एका आठवड्यात ३० टक्क्यांनी घटली होती. आठ आठवड्यांत इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातली चरबीही कमी झाली आणि इन्सुलिन पुन्हा वेळेवर सुटू लागलं. टेलर यांचं म्हणणं असं की, यकृतात तुंबलेली चरबी हे या आजाराचं मूळ आहे. ती असली की यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. खाणं अचानक तुटलं की शरीर सगळ्यात आधी हीच चरबी वापरतं. मांड्या, दंड, पोटाचा घेर यांची पाळी पुढच्या महिन्यांत येते. काट्यावर दिसतं ते बहुतेक हे नंतरचं.

दुसरं कारण आतड्यातलं. बायपासनंतर अर्धवट पचलेलं अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचतं आणि तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक भरपूर सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि भूकही मारतं. आज ज्यांचा एवढा गाजावाजा आहे ती आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. २००४ साली सर्जन फ्रान्चेस्को रुबिनो यांनी मधुमेही पण लठ्ठ नसलेल्या उंदरांवर प्रयोग केला. जठराला हात न लावता आतड्याचा फक्त सुरुवातीचा भाग वगळला, तरी त्यांची साखर सुधारली. माणसात दोन्ही कारणांपैकी कुणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. माझा कल यकृताकडे आहे, पण हे माझं मत समजा.

‘मधुमेहमुक्त व्हा’ असे फलक आता शहराशहरांत दिसतात. त्यांच्यावर जे छापलेलं नसतं ते सांगतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही लोकांचे तीन गट केले. एकाला फक्त औषधं, बाकी दोघांना औषधांसोबत बायपास किंवा स्लीव्ह. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली आणायची होती. वर्षानंतर बायपासच्या गटात ४२ टक्के, स्लीव्हच्या गटात ३७ टक्के आणि औषधांच्या गटात १२ टक्के लोकांना ते जमलं. पाच वर्षांनी हेच आकडे २९, २३ आणि ५ होते. शस्त्रक्रिया जिंकली, यात शंका नाही. पण पाच वर्षांत तिचीही पकड सैल झाली. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही गोळ्यांविना नीट होते, तर १५ वर्षांनी ३० टक्के.

मग उरलेल्यांचं ऑपरेशन फुकट गेलं का? तसं नाही. त्याच स्वीडिश अभ्यासात डोळे, मूत्रपिंड आणि नसांवर होणारे मधुमेहाचे परिणाम शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये सुमारे निम्म्यावर आले. मधुमेह परत आला तरी मधली चांगली वर्षं शरीराच्या पदरात पडली. मला स्वतःला गोळ्या सुटण्यापेक्षा हा फायदा मोठा वाटतो. डोळे वाचले, डायलिसिस लांबलं, यापुढे रोजच्या दोन गोळ्यांचं काय मोठंसं!

फायदा कुणाला जास्त होईल हे वजनापेक्षा मधुमेह किती जुना आहे यावर अधिक ठरतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं दमत जातात आणि पुरत्या निकामी झाल्या की आतडं कितीही फिरवा, त्या उठत नाहीत. म्हणून चार वर्षांचा, गोळ्यांवरचा मधुमेह आणि पंधरा वर्षांचा, इन्सुलिनवरचा मधुमेह यांचे निकाल सारखे येत नाहीत. रक्तातलं सी-पेप्टाइड तपासलं की स्वतःचं इन्सुलिन किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. शस्त्रक्रियेचा विचार करताना ही तपासणी मागून घ्या. लहान वयात होणारा टाइप १ मधुमेह या शस्त्रक्रियेने जात नाही. तिथे इन्सुलिन आयुष्यभर लागतंच.

आता आपल्या अंगाची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडसडीत. आपल्या त्वचेखालची कोठी लहान आहे. ती लवकर भरते आणि मग माळ्यावर जागा नसलेलं सामान जसं चालायच्या वाटेत येऊन पडतं, तशी चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात जाऊन बसते. ‘आमच्याकडे कुणी तसं जाड नाही हो’ म्हणणाऱ्या घरातही मधुमेह निघतो तो यामुळे.

यामुळेच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा कमी ठेवल्या आहेत. २०१६ च्या शिफारशींनुसार औषधोपचार करूनही शुगर ताब्यात येत नसेल, तर बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो आणि ३२.५ पासून ती सुचवावी. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसासाठी हे अनुक्रमे सुमारे ७० आणि ८३ किलो. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय ४० मागतात, किंवा अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार सोबत असेल तर ३५, म्हणजे त्याच माणसाला जवळजवळ ९० किलो. डॉक्टर ८३ ला सुचवणार आणि विमा ९० ला पैसे देणार, ही विसंगती मला खटकते. पॉलिसीचा कागद आधी वाचा.

शस्त्रक्रिया हा एकच रस्ता आहे असं मात्र नाही. टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ब्रिटनमध्ये ३०६ मधुमेही लोकांवर जो अभ्यास केला, त्यात काही महिने सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार आणि नंतर पाठपुरावा घेतलेल्यांपैकी ४६ टक्के जण वर्षानंतर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. त्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. मधुमेह नवा असेल, तर आधी हा मार्ग डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट करून बघावा, असं मी माझ्या पेशंटना सांगतो. मनाने करू नका. गोळ्या चालू ठेवून एवढं कमी खाल्लं तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर काही गोष्टी कानाआड करू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या, कारण शुगर झपाट्याने उतरली तर पडद्याचा जुना त्रास काही काळ वाढू शकतो. नंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे बहुधा जन्मभर घ्यावं लागतं. शाकाहारी मंडळींनी ताटात आधी डाळ, दही, पनीर, उसळ संपवावी, भात नंतर, राहिलाच तर. बायपास झालेल्याने जिलेबी किंवा शिरा खाल्ला की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. तेव्हा लग्नाच्या पंगतीत अशा पाहुण्याला आग्रह करू नका, कितीही जिव्हाळ्याचा असो. दारू लवकर आणि जास्त चढते. मूल हवं असणाऱ्या बाईने साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावं.

आणि शुगर नॉर्मल झाली म्हणून दवाखाना सोडू नका. दर वर्षी एचबीए१सी, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायचंच. मधुमेह परत येतो तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही, तो या रिपोर्टमध्येच सापडतो.

नमस्कार.